होळीपर्यंतचा स्वेटर

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. मी पापड-कुरडया करून विकते, त्यामुळे उन्हावर पहिला हक्क माझा. सेक्रेटरीने एकदा किल्ली परत मागून बघितली, पुन्हा नाही मागितली. आता ज्याला गच्चीत जायचं असेल त्याने माझं दार वाजवायचं. आणि दार वाजवल्यावर माणूस गप्प थोडाच उभा राहतो? किल्ली घेऊन जातो, किस्सा ठेवून जातो.

असे वर्षभर साठतच असतात. पण यंदा संक्रांत ते होळी जे साठले ते सगळे एकाच माणसाचे. तो माणूस पुरता दोन किलोचासुद्धा नव्हता!

*

समोरच्या दारातली रुपाली. बाळ वेळेच्या आधी झालं, हॉस्पिटलने काचेच्या पेटीत ठेवलं. नवऱ्याची, म्हणजे संदीपची आई साताऱ्याकडची. रुपालीची आई राजापूरची. दोघी आल्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना सातारच्या आजी आणि राजापूरच्या आजी म्हणायला लागलो.

हॉस्पिटलच्या बाकावर दोघी मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या. सातारच्या आजींच्या पिशवीत लोकरीचं टोपडं, लोकरीचे मोजे, जाडजूड गोधडी आणि एक पिवळा स्वेटर. स्वेटर त्यांनी तिथेच बाकावर बसून विणला होता. काचेतून बाळाकडे बघून वितीने माप घेतलेलं! राजापूरच्या आजींच्या पिशवीत जुन्या लुगड्याची झबली. बाळाच्या अंगाला पहिला कपडा जुनाच लागला पाहिजे, ही त्यांची रीत.

"आवं, लोकर न्हाई घातली तर लेकरू गारठंल!"

"आणि लोकर टोचली तर? अंगभर पुरळ उठेल, मग?"

एवढ्यात नर्स बाहेर आली. दोन्ही पिशव्या एकदम पुढे झाल्या. नर्सने एकीतही हात घातला नाही. म्हणाली, "एक डायपर द्या आणि एक टोपी. बास."

राजापूरच्या आजी म्हणाल्या, "बघा!"

"बघा काय? आत शेगडी लावलीया त्येला!"

रुपाली मात्र कोणाकडेच बघत नव्हती. तिचं बोट काचेवर होतं. तेवढंच तिला करता येत होतं.

*

बाळ घरी आलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, वजन वाढलं पाहिजे, नाही वाढलं तर परत पेटीत. हे ऐकून रुपालीचं तोंड एवढंसं झालं. दुसरी गोष्ट कपड्यांची. "तुम्ही स्वतः जेवढं घालाल, त्यापेक्षा बाळाला एक कपडा जास्त घाला."

साधी गोष्ट आहे की नाही? पण सातारच्या आजी स्वतः नऊवारीवर स्वेटर घालतात. स्वेटरवर शाल. कानाला स्कार्फ. भर दुपारी मी त्यांच्या घरात गेले, तर पाळण्यात नुसतं गाठोडं, वर बटणाएवढं नाक.

"आजी, किती घातलंय याला?"

"माझ्याहून येक जास्त. डाक्टरांनीच सांगितलंय."

राजापूरच्या आजी पंख्याखाली पदराने वारा घेत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "मग माझ्यावरून मोजा की!"

"तुमच्यावरनं मोजलं तर उघडंच ऱ्हाईल लेकरू!"

*

या दिवसांत मुंबईजवळच्या आमच्या आचोळ्याची हवा म्हणजे काही विचारू नका. सकाळी दात वाजतात, अकराला डोकं तापतं, चारला वारा सुटतो. माझं माहेर इथलंच, उमेळ्याचं. जन्म या हवेत गेला, तरी सकाळी पापड घालायचे की नाही ते मला दहाशिवाय ठरवता येत नाही.

सातारच्या आजींना मात्र सकाळी सातलाच सगळं माहीत असायचं. संदीपने त्यांना फोन घेऊन दिला होता. किल्ली मागायला आल्या की फोन माझ्या नाकासमोर धरायच्या.

"बारा डिग्री! बघा!"

"आजी, मला घाम आलाय."

"फोन खोटं बोलतुय व्हय?"

मी चौथी शिकलेली. डिग्रीशी कशाला भांडू? रविवारी संदीप घरी होता, त्याने फोन बघितला. "अगं आई, हा आपल्या गावाचा आकडा आहे! तू तिकडे असताना लावलेला, तोच दाखवतोय अजून."

मला वाटलं, आता तरी ओशाळतील. कसलं काय!

"मग? लेकरू गावाचंच हाय की!"

*

संदीप त्या दिवशी खूप हसला. फार हसू नये माणसाने.

मंगळवारी दुपारी दोनला त्याचा ऑफिसमधून फोन आला. मी तिथेच होते, राजापूरच्या आजींनी फोन स्पीकरवर टाकला. बाहेर कावळासुद्धा चोच उघडून बसला होता.

"आज भयंकर गारठा आहे. बाळाला स्वेटर घातलाय ना?"

राजापूरच्या आजी म्हणाल्या, "संदीपराव, आधी डोक्यावरचा एसी बंद करा, मग आम्हाला हवा सांगा."

तोवर सातारच्या आजी स्वेटर घेऊन पाळण्याजवळ पोचल्या होत्या. "म्हमईतबी थंडी हाय म्हणं. ऐकलंसा?"

*

तळमजल्यावर फिलोमिना आंटी राहते. तिच्या हाताला विणकाम छान. आसपास कुठे बाप्तिस्मा असला की बाळाचे पांढरे मोजे हिच्याकडून जातात. रुपालीच्या बाळालाही तिने एक जोड आणून दिला. बाळाएवढेच बाळसेदार मोजे! म्हणजे बाळ तेव्हा नव्हतं बाळसेदार, मोजे होते.

रुपालीने ते धुऊन गच्चीत माझ्या कुरडयांच्या बाजूला वाळत घातले. चारला वारा सुटला. मी धावत जाऊन हाताला लागलं ते डब्यात भरलं. खाली आले तर मोजा एकच! बाळाला संध्याकाळी दोन शिंका आल्या, आणि सातारच्या आजींनी निकाल दिला, "उघड्या पायाकडनं आल्या."

दुसऱ्या दिवशी फिलोमिनाच कुरडया घ्यायला आली. मी डबा परातीत पालथा केला. तिने वरची एक उचलली, बोटांनी दाबून बघितली.

"सुमन, ही कुरडई तळायची की पायात घालायची?"

*

आता वजनाचं.

पहिल्या वेळी डॉक्टर नव्हते, दवाखान्यातल्या पोरीने वजन केलं. सातारच्या आजींनी बाळाला कपडे काढू दिले नाहीत. "सकाळची येळ हाय, वारं लागंल," म्हणाल्या. पोरगी नवीन, घाबरली. गाठोड्यासकट काट्यावर ठेवलं. वजन असं वाढलेलं की संदीपने बिल्डिंगभर पेढे वाटले. माझ्याकडे दोन आले, मी दोन्ही खाल्ले.

पुढच्या वेळी डॉक्टर स्वतः होते. त्यांनी एकेक कपडा काढायला सुरुवात केली. कुंची, गोधडी, पिवळा स्वेटर, झबलं, आत आणखी एक झबलं, मोज्यात मोजे. टेबलावर हा ढीग! आत बाळ घामाने भिजलेलं, डोळे मिटून पडलेलं. डॉक्टरांनी आधी बाळ ठेवलं काट्यावर. मग ढीग ठेवला.

"आजी, लोकर वाढली. बाळ नाही वाढलं."

कोणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "उबेने हा नुसता झोपून राहतो. झोपला की पीत नाही. पिणार नाही तर वाढेल कसा? होळी झाली की आणा. तेव्हाही असंच असेल तर मला ॲडमिट करावं लागेल."

राजापूरच्या आजींनी तोंड उघडलं होतं, 'बघा' म्हणायला. रुपालीचा चेहरा बघून मिटलं.

*

त्याच दुपारी रुपालीने माझं दार वाजवलं. ही मुलगी दोन वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल. हातात गाठोडं. गोधडी, कुंची, लोकरीचं सगळं.

"मावशी, हे तुमच्याकडे ठेवा. कोणी मागितलं तरी द्यायचं नाही."

"सासूने मागितलं तर?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणलं!"

अर्ध्या तासात सातारच्या आजी दारात. "सुमनताई, किल्ली द्या."

"ही घ्या."

"आन् गाठोडं?"

"ते गच्चीला लागत नाही."

"आवं, शिमगा झाल्याबिगर थंडी जात न्हाई! होळी जळंस्तवर स्वेटर काढत न्हाईत!"

"आजी, ओरडा, मला चालतं. मीही ओरडते."

मग आम्ही दोघी जिन्यात ओरडलो. वरच्या मजल्यावरचे लोक खाली बघायला आले. आणि तेवढ्यात समोरच्या घरातून बाळ रडायला लागलं. आल्यापासून मांजरीच्या पिल्लासारखं कुरकुरायचं, आज चांगलं ठणाणा! भुकेचं रडणं, लगेच कळतं.

सातारच्या आजी थांबल्या, कान दिला. "आवाज हाय की त्येला," म्हणाल्या, आणि किल्ली न घेताच घरी गेल्या.

*

होळीच्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात होळी पेटली. सातारच्या आजींनी नारळ टाकला, बोंब ठोकली आणि थेट माझ्याकडे आल्या. "ते गाठोडं आता तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. गेली थंडी." म्हणजे मी दिलं नाही म्हणून नव्हे, थंडी गेली म्हणून!

दुसऱ्या दिवशी सकाळी असं दव पडलं, असा गारठा, की वर्षात तसा नव्हता. आणि माझं दार वाजलं. दारात राजापूरच्या आजी, सातारच्या आजींची शाल पांघरून!

"सुमनताई, जरा तो पिवळा स्वेटर द्या हो. रुपालीच्या घरात दात वाजतायत माझे, पोराचं काय होत असेल?"

मी म्हटलं, "तुम्हालाही नाही."

तरी जीव राहिना, त्यांच्या मागोमाग जाऊन बघितलं. पाळणा रिकामा. रुपाली भिंतीला टेकून बसलेली, बाळ तिच्या गाउनच्या आत छातीला लावलेलं. नुसतं टोपडं बाहेर दिसत होतं.

राजापूरच्या आजी म्हणाल्या, "अगो, त्याच्या अंगात काय घातलंयस?"

रुपालीने मानही वर केली नाही. "मी आहे ना."

*

आणि मग वजनाचा तो सोमवार. दवाखान्यात आम्ही चौघी गेलो. संदीपला सुट्टी मिळाली नाही. मी गेले कारण रिक्षावाल्याशी आणि नंबर लावणाऱ्याशी बोलायला कोणीतरी हवं. निघताना रुपाली हळूच म्हणाली, "मावशी, तो स्वेटर घ्या बरोबर." कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पर्समध्ये कोंबला.

रिक्षात दोन्ही आज्या बाळाला मध्ये धरून बसलेल्या. आणि रुपालीने स्वतःसाठी दोन गाउन, टॉवेल, पाण्याची बाटली अशी पिशवी भरून घेतलेली. हॉस्पिटलात राहायची पिशवी. ती तिन्ही जणींना दिसत होती.

आत गेल्यावर डॉक्टरांनी हात पुढे केला, पण रुपालीने बाळ दिलं नाही. तिने स्वतः झबलं काढलं, लंगोट सोडला आणि पोराला पार उघडं काट्यावर ठेवलं. एसीची थंडी लागली तसं त्याने पाय झाडले, बोंब मारली. आकडे पळायला लागले. डॉक्टर चष्मा नीट करून वाकले.

आणि पोराने धार सोडली! थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर, मग शर्टावर, मग टेबलावरच्या कागदांवर. थांबतच नव्हती!

रुपालीने डोळे मिटून घेतले. सातारच्या आजी पुढे धावल्या. "आवं डाक्टर, ते बी धरा! घरनंच आणलंय!"

"धरा हो, धरा!" राजापूरच्या आजी. दोन महिन्यांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत!

डॉक्टरांनी बाळाच्याच टोपड्याने चष्मा पुसला. डोळ्यावर लावला. पुन्हा वाकून बघितलं.

"आजी, ते सोडूनच अडीच भरलाय. न्या घरी."

मी एकदम खुर्चीत बसले. राजापूरच्या आजी पदराने डोळे पुसायला लागल्या. सातारच्या आजींनी एसीकडे बघितलं, उघड्या बाळाकडे बघितलं, रुपालीकडे बघितलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

रुपालीने माझ्याकडे हात केला. मी पर्समधून स्वेटर काढून दिला. तिने तो सासूच्या हातात ठेवला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. तरी आजींनी तो घातला. एक बाही चढवली, दुसरी चढवली. पुढून दोन्ही बाजू जवळ आणल्या, ओढल्या, पुन्हा ओढल्या. मग तसंच बाळ उचललं, दार उघडलं आणि बाहेर नंबर लावून बसलेल्या सगळ्या बायकांना ओरडून सांगितलं,

"आवं, बटन लागंना!"