कुत्र्याच्या हिरड्या आणि गुलकंदाची बरणी

सोलापुरात काहीही झालं तरी त्याला उष्णता म्हणतात. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. कुणा नवरा-बायकोचं वाजलं तरी आमची शेजारीण म्हणते, "ऊन लई हाय की." त्यामुळे आमच्या कुत्र्याच्या तोंडाला वास यायला लागला आणि त्यानं चावलेल्या कडक भाकरीवर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा आईला निदानाला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"उष्णता हाय. गुलकंद दे त्याला."

मी शाळेत गणित शिकवते. मुलांकडून प्रत्येक पायरीचं कारण मागते. तरीही मीच मुकाट्यानं जाऊन गुलकंदाची बरणी आणली, हे मी शिक्षकखोलीत कुणाला सांगितलेलं नाही. रोज दुधात गुलकंद आणि सब्जा सुरू झाला. कुत्रा खूश! वास मात्र वाढतच गेला. आठव्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात धरला, चावण्याआधीच खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. पापडासारखी कुरकुरीत कडक भाकरी म्हणजे त्याचा जीव की प्राण. याचे दात गेले तर?

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं त्याचा ओठ वर केला आणि आम्हाला वाकून बघायला लावलं. दात पांढरे होते, पण दातांना लागून हिरडीवर लालभडक रेघ होती.

"दातांवर रोज चिकट थर बसतो. तो काढला नाही की हिरडी सुजते. खायला काय देता?"

मी गुलकंद म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"मी म्हणतच होते," मी आईवर खेकसले. खरं तर मी काहीच म्हटलं नव्हतं.

"कडक भाकरीनं दात घासून निघत्यात की," आई म्हणाली.

"नाही आजी, हिरडीच्या कडेची घाण तशीच राहते. पण वेळेत आणलंत. सूज वरवरची आहे, रोज घासलंत तर जाईल. आत हाडापर्यंत गेली की मग दात हलतात."

"किती दिसांनी हलत्यात?"

"ते नेमकं सांगता येत नाही."

"दोन वर्सं झाली असली तर?"

"आई, आठ दिवस झालेत!" मी वैतागून म्हटलं आणि कुत्र्याला उचललं.

डॉक्टरनं कुत्र्यांची पेस्ट दिली, तीही कोंबडीच्या चवीची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण कुत्रा तोंड उघडायचा तो फक्त आईपुढे, तेव्हा सुटका नव्हती. रोज सकाळी ती पायरीवर बसायची, बोटाला छोटा ब्रश चढवायची आणि स्वतःचं नाक दुसरीकडे वळवून त्याचे दात घासायची. "हाल नगं, मेल्या," असं म्हणत, फार हळुवारपणे. मला ते बघत चहा प्यायला आवडायला लागलं.

तीन आठवड्यांत रेघ गेली. त्या सकाळी कुत्र्यानं अख्खी चतकोर भाकरी कडाकडा फोडून खाल्ली. मी टाळ्याच वाजवल्या. आई ब्रश हातात घेऊन बसून राहिली.

"माज्याबी हिरड्यांतनं रगत येतंय," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोनदा. तू पेपर तपासत हुतीस."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच लाज वाटली. मी कप खाली ठेवला, तिच्यासमोर खालच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, "आ कर बघू."