लेकीच्या घरचं शिवणकाम

आठ जून, रविवार. लासूर स्टेशन, आबांच्या शिलाईच्या दुकानासमोर. हजर: आबा, मी, माझी सात वर्षांची सई, टेम्पोवाला आणि शेजारचे सायकलवाले गफूरचाचा. गैरहजर: माझे दोन्ही भाऊ, पुण्यात. सामान: शिलाई मशीन, गादी, पेटी. पेटीत आबांचे सदरा-पायजम्याचे तीन जोड. त्यातला पांढरा, इस्त्रीचा, परत येताना घालायला म्हणून वेगळा बांधलेला.

"मास्टर, जल्दी वापस आना," चाचा म्हणाले. "तुमारे बगैर हमारा पजामा कौन सिएंगा?"

"लेकीकडं गुडघा बरा झाला की आलोच."

जागामालकाने दुकान परत मागितलंय, हे फक्त मला माहीत होतं. घरी पोचल्यावर सांगू, असं ठरवलं. सांगितलं नाही.

लग्न होऊन मी याच रस्त्याने हर्सूलला आले. आई म्हणाली होती, "आता तेच घर." मी दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले डबे लावायला घेतले. आबांचंही तसंच होईल, असं धरून चालले.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लासूरला आबा ओट्यावर बसून अर्ध्या बाजाराशी बोलायचे. इथं गॅलरीच्या जाळीला नाक लावून खाली बघतात. डॉक्टरकडे जायचं तेवढंच उतरणं. मीही ऑफिस सुटलं की त्यांच्यासाठी धावत घरी. भिशी बंद, माहेरी जाणं बंद, कारण माहेरच इथं आलंय.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताट सरकवलं. "लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये, बाय."

सईने शाळेतून चित्रांचं पुस्तक आणलं, तेव्हा तोड निघाली. जुन्या कपड्यांचं काय काय होतं, त्याची गोष्ट. फ्रॉकची पिशवी, पँटचा उशीचा अभ्रा, साडीचा पडदा. आबांनी चष्मा लावून ते ऑर्डरीसारखं वाचलं. "ही पिशवी टिकायची नाय. बंदाला दुहेरी शिलाई कुठंय?" आणि पानामागून पान शिवायला घेतलं. दिवसाला एक वस्तू, मग बिनतक्रार जेवण.

घरातलं जुनं संपत आलं. हे म्हणाले, "आबा, अंगावरची पँट तेवढी सोडा."

"जावईबापू, गुडघ्यावर विरली का तेवढं सांगा फक्त."

शेवटच्या पानावर आजोबांच्या सदऱ्याचा एप्रन होता, चित्रं रंगवताना घालायचा. गुरुवारी मी घरी आले तर सई पांढरा एप्रन घालून उभी. कापडावर इस्त्रीची घडी अजून दिसत होती.

"आबा, हा तर गावाला जायचा जोड."

त्यांनी मान वर केली नाही. "गफूरचा फोन आलता. दुकानाला दुसऱ्याचं कुलूप हाय म्हनं." मग मशीनवर झाकण घालत, "तू सांगायचं व्हतं."

मी ताट वाढलं.

"आता शिवायला काय नाय राहिलं," ते म्हणाले. "जेवू का?"

जेवले. अर्धी भाकरी.

गाव कोणतं, असं कुणी विचारलं की मी अजून लासूर सांगते. तिथं आता आमचं कुणी नाही. घर म्हणजे हेच, दोन खोल्या आणि गॅलरी, आणि आबांना नि मला, दोघांनाही त्यातून उतरता येत नाही.

शनिवारी गुलमंडीच्या बाजारातून आबांच्या नव्या जोडासाठी पांढरं कापड आणलं. आबा म्हणाले, कापेन मीच, पण शिंप्याला स्वतःच्या खांद्याचं माप घेता येत नाही. ते मला घ्यावं लागेल, त्यांच्या अगदी जवळ उभं राहून. चार दिवस झाले. टेप मशीनवर पडलाय. माप घ्यायचं राहिलंय.