हजेरीबाईची सही

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे हजेरीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. ती खरंच हजेरी घ्यायची, पण माणसांची नव्हे, नियतकालिकांची.

पुस्तक एकदा येतं आणि कपाटात गप बसतं. नियतकालिकाचं तसं नसतं. ते दर महिन्याला यायचं कबूल करतं आणि दांडी मारतं. तीन महिन्यांचे अंक एकदम घेऊन दारात उभं राहतं. नाव बदलतं, दुसऱ्यात मिसळतं, चार वर्षांनी भांडून पुन्हा वेगळं होतं. त्यात आता निम्मी नियतकालिकं कागदावर येतच नाहीत, संगणकावर उघडतात. प्रकाशक न सांगता पत्ता बदलतो आणि वाचकाच्या समोर कोरं पान येतं. अशा साडेचार हजार नियतकालिकांची नोंद एकट्या हजेरीबाईच्या हातात होती: आधी नाव काय होतं, आता काय आहे, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कागदावर की पडद्यावर. पडद्यावर असेल तर ते उघडतं की नाही, हे ती दर सोमवारी स्वतः उघडून बघायची.

"माझी नोंद म्हणजे दगडावरची रेघ," ती म्हणायची. अकरा वर्षांत ती पुसायची वेळ कुणी आणली नव्हती.

म्हणूनच ग्रंथपालसाहेबांनी तिला बोलावून चौसष्ट नावांची यादी पुढे सरकवली, तेव्हा तिने फार वेळ लावला नाही. तळघर रिकामं करून तिथे अभ्यासिका करायची होती. तिथले जुने बांधीव खंड, जे पहिल्यापासून शेवटपर्यंत संगणकावर मिळतात तेवढे, कागद-कारखान्यात लगद्यासाठी जाणार होते. शुक्रवारी अकराला ट्रक येणार होता.

"ही सगळी ऑनलाइन पूर्ण आहेत ना? एकदा खंड गेले की गेले."

"माझ्या नोंदीत पूर्ण आहेत."

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. तिने सही केली.

बुधवारी दुपारी एक प्राध्यापिका तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. भूजल शिकवणारी, पन्नाशीची, काखेत फायलींचा गठ्ठा. तिला माती आणि पाण्यावरच्या एका जुन्या त्रैमासिकातला लेख हवा होता. त्यात शंभर विहिरींची सात वर्षं मोजलेली पाणीपातळी छापलेली होती.

"खंड नऊ, पान एकशे चौदा. तुमच्या लिंकवर गेले तर तिथे गांडुळं निघाली."

"गांडुळं?"

"मातीतली. चांगली सचित्र आहेत. पण मला विहिरी हव्यात."

हजेरीबाईला आधी हसू आलं. वाचक पान चुकवतात, खंड चुकवतात आणि खापर लिंकवर फोडतात, हा रोजचा अनुभव. तिने स्वतः उघडून पाहिलं. खंड नऊ, पान एकशे चौदा: गांडुळं. मागचे-पुढचे खंड पाहिले. सगळे होते, एक ते वीस, मध्ये एकही खाडा नाही. पण विहीर कुठेच नव्हती.

"मोजणाऱ्यांपैकी आता कुणी हयात नाही," प्राध्यापिका म्हणाली. "ते आकडे दुसरीकडे कुठे छापलेले नाहीत."

हजेरीबाई तळघरात उतरली. खंड सुतळीने बांधून, भिंतीला लावून ठेवलेले होते. नववा खंड तिने गठ्ठ्यातून ओढून काढला. पान एकशे चौदा: गांडुळं. ती पुढे चाळत गेली. दोनशे शहाण्णव पानं झाली, मध्ये एक जाड हिरवा कागद आला, आणि त्याच्यापुढे पुन्हा पान एक. हे तिला नवीन नव्हतं. असे हिरवे कागद तिने पूर्वीही पाहिले होते. वर्षाच्या दोन सहामाह्या, मध्ये खुणेचा कागद, असं तिने पहिल्याच वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं.

हिरव्या कागदापुढचं पान एकशे चौदा तिने उघडलं. विहिरी होत्या. आणि पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: भाग ब, खंड नऊ.

ती तिथेच गठ्ठ्यावर बसली. सहामाही कसली! हे त्रैमासिक मध्येच फुटून दोन झालं होतं. मातीचा भाग अ आणि पाण्याचा भाग ब. दोघांनी जुनेच खंडक्रमांक पुढे चालवले, म्हणून मोजताना खाडा दिसला नाही. संगणकावर फक्त भाग अ होता. आणि तिने दोघांची एकच नोंद करून खाली लिहिलं होतं: पूर्ण.

परवा सकाळी अकराला त्या शंभर विहिरी लगद्यात जाणार होत्या. तिच्या सहीने.

काखेत कळसा म्हणतात, तो घरी खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होता. तिचे बाबा. याच ग्रंथालयात छत्तीस वर्षं बाइंडर होते. तळघरातला जवळजवळ प्रत्येक खंड त्यांच्या हाताने शिवलेला. बापलेकी रोज एका टेबलावर जेवायची, पण कामाचं बोलणं म्हणजे "आज उशीर झाला का" एवढंच.

"बाबा, तुम्ही खंडांमध्ये हिरवा कागद घालायचात तो कशाला?"

बाबांनी बिस्किट हातातच ठेवलं. "चौदा वर्षं झाली मला घरी बसून. आज विचारतेस?"

"आज अडलंय."

"अगं, तेव्हाच्या साहेबांचा हुकूम होता. एका वर्षाचा एकच खंड बांधायचा, कापड वाचवायचं, अंकांची मुखपृष्ठं फाडून टाकायची. मग एकाच नावाची दोन वेगळी मासिकं आली तरी एकाच पुठ्ठ्यात घाला! मला ते बरं वाटायचं नाही. दोन घरची माणसं एका खोलीत झोपवायची, तर मध्ये भिंत तरी नको का? म्हणून हिरवा कागद."

"फक्त तेवढ्यासाठीच? सहामाहीसाठी कधी नाही?"

"सहामाहीला कशाला कागद फुकट घालवू? सहामाहीची भांडणं होतात का?" त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू खंडाच्या पाठीवरचं नाव वाचून नोंद केलीस, हो ना?"

तिने मान डोलावली.

"पाठ मीच छापायचो, पोरी. पाठीवर जागाच तेवढी असते."

हे बोलणं तिला लागलं, पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या डोक्यात आधी आली. हिरवा कागद तिने या एकाच त्रैमासिकात पाहिला नव्हता.

गुरुवारी साहेब यायच्या आधीच ती त्यांच्या दारात उभी होती. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. तिने सरळ सांगितलं: नोंद चुकली, मी चुकवली, चौसष्टपैकी आणखी किती चुकल्या ते आज सांगते, तोवर माझी सही मागे घेते.

"बाई, ट्रक ठरलाय. अभ्यासिकेचं फर्निचर सोमवारी येतंय. आणि तुम्हीच तर म्हणालात, नोंदीत पूर्ण आहे."

"म्हणाले. तेव्हा माझं ऐकलंत ना? मग आजही ऐका. नोंद करणारी मीच, चूक शोधणारीही मीच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "साडेबाराशे खंड आहेत. एका दिवसात प्रत्येक उघडून बघणार? गठ्ठे बांधून झालेत."

"उघडायची गरज नाही. माणूस आणलाय."

माणूस बाहेर बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टॉर्च. साहेबांनी त्यांना ओळखलं नाही. बाबांनी मात्र खोलीत शिरताच त्यांच्या टेबलावरची नोंदवही उचलली, उलटी केली आणि म्हणाले, "ही कुणी शिवली? दोन महिन्यांत पानं गळतील."

"त्यांना घेऊन जा," साहेब म्हणाले, पण हसून. "शुक्रवार अकरा. त्याच्यापुढे एक मिनिट नाही."

तळघरात बाबांनी पहिल्याच गठ्ठ्यावर टॉर्च आडवा धरला. खंडांच्या वरच्या कडा पिवळट, धुळीच्या. त्यांत एका खंडाच्या मधोमध केसाएवढी हिरवी रेघ. "ही बघ भिंत. मिटलेल्या पुस्तकातूनही दिसते." सुतळी सोडायची गरजच नव्हती. बाबा रेघ दाखवायचे, ती खडूने फुली मारायची आणि नाव वहीत उतरवायची. मग नुसता तो खंड गठ्ठ्यातून ओढून काढायची आणि उघडून तळाची बारीक अक्षरं वाचायची.

"यांची शिवण घट्ट आहे अजून," बाबा मध्येच म्हणायचे. किंवा, "हा पुठ्ठा मी नाही केला, हा माझ्या रजेतला. दिसतंच आहे."

"बाबा, पुढे चला."

"चलतोय. तू विचारायला अकरा वर्षं लावलीस ते चालतं, मी एक मिनिट थांबलो की घाई."

तिला हसू फुटलं. कालपासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी पाचला शेवटचा गठ्ठा झाला. हिरवी रेघ नऊ नियतकालिकांत सापडली. एकशे तीन खंड. त्यांतल्या सहांचा दुसरा भाग संगणकावर होता, फक्त नोंद नव्हती; तो पूर्ण आहे का हे तपासायचं बाकी होतं. उरलेल्या तिघांचा कुठेच नव्हता, या तळघराखेरीज. हे सगळं एका पानावर लिहून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि हे सगळे खंड वगळलेल्या नव्या यादीवर सही केली. या वेळी आधी प्रत्येक ओळ वाचून.

शुक्रवारी ट्रक अकराला नाही, पावणेअकरालाच आला. गठ्ठे चढत होते तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. खडूची फुली असलेला एकही वर चढला नाही. ड्रायव्हरने फळी लावायला जाताना तळघराच्या कोपऱ्यातल्या, फुल्या मारलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "ते राहिलं की, ताई."

"ते राहणारच आहे."

दुपारी प्राध्यापिकेने नववा खंड दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्याच विहिरी मोजायला लागली. हजेरीबाईने तिला खुर्ची सरकवली आणि संगणकाकडे वळली. जुनी नोंद उघडली, "पूर्ण" हा शब्द खोडला. भाग ब साठी नवी नोंद केली, दोन्ही नोंदींत एकमेकींचा दुवा दिला. शेवटी कर्मचाऱ्यांसाठीच्या रकान्यात, जो वाचकांना दिसत नाही, तिने लिहिलं: दोन भाग एकत्र बांधले आहेत, मध्ये हिरवा कागद. आधीची नोंद माझी, चुकीची. पाठीवर विसंबू नये. खाली तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं.

घरी बाबांनी विचारलं, "माझं नाव घातलंस का त्यात?"

"तुमची चूक नव्हती, बाबा. हुकूम होता."

"चुकीचं नाही विचारत गं," बाबा म्हणाले. "हिरव्या कागदाचं विचारतोय. तो कुणी घातला ते लिहिलंस का?"

सोमवारी सकाळी, लिंका तपासायच्या आधी, तिने ती ओळ वाढवली.