ओल्या फरशीच्या कडेनं

जहाजाची तिकिटं पोरानं आम्हा दोघांची काढली होती. आमची ही टीव्हीवर जहाज बघून म्हणाली होती, "पाण्यात राहून वर जेवायला पण देतात म्हणे." जहाज दीवला जाणार म्हटल्यावर तिनं विचारलं, "दिव्यांचं गाव का ते?" मी म्हणालो, असंल. आमचं दोघांचं शिक्षण सारखंच. मग मार्गशीर्षात ती गेली आणि तिकीट राहिलं. पोरानं खटपट करून त्यावर येवल्याच्या लेकीचं नाव घातलं. बागेत द्राक्षं काढणीला आलेली टाकून मी निघालो. आधी असं मेलो तरी केलं नसतं.

सकाळी जहाज किनाऱ्यापासून लांबच थांबलं. जिन्यापुढं एक माणूस फरशी पुसत होता. मी त्या ओल्यातूनच चपलांसकट सरळ गेलो.

"बाबा, बघून चाला की!" लेक म्हणाली.

दिसलं होतं मला. पण हल्ली दिसतं ते आत पोचत नाही.

लहान बोटीनं काठाला नेलं. गाइडनं हिंदीत सांगितलं, दीव म्हणजे बेट. लेक म्हणाली, "घ्या, आईचे दिवे गेले पाण्यात." शहराला दगडी तट आहे. वेस लाल रंगवलेली, वर सिंह कोरलेले. आमच्या गावालाही वेस होती, ट्रॅक्टरची ट्रॉली अडायची म्हणून पाडली. आत बारीक गल्ल्या, रंगीत घरं, पांढरं चर्च. सगळे फोटो काढत होते. मी पुढच्याच्या टाचा बघत चाललो.

पुढं किल्ल्यात एका तोफेजवळ सावली होती, तिथं आम्ही टेकलो. खाली समुद्र भिंतीला आपटत होता.

"बाबा, एक विचारू? खरं सांगायचं."

"मी कधी खोटं सांगितलं?"

"पिठात काय उमटलं होतं?"

आमच्याकडं माणूस गेलं की जीव गेला त्या जागी पीठ पसरतात, त्यावर दिवा लावून टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं. ज्याचं पाऊल उमटलं, त्या जन्माला माणूस गेलं. लेक तेव्हा टायफॉईडनं दवाखान्यात होती. ती आली दहाव्याला. तोवर ते पीठ गोदावरीत गेलं होतं.

"काकू म्हणती गाईचं पाऊल होतं," लेक म्हणाली. "वहिनी म्हणती चिमणीचं. आईला तर गाईची लय भीती. गाय आली की ही ओट्यावर. ती कशी गाय होईल?"

तिला चिमणी पाहिजे होती, हे मला कळत होतं. चिमणी म्हणायला काय लागतं? पण रात्रभर त्या टोपलीजवळ मीच बसलो होतो, आणि सकाळी उचललीही मीच.

"काय नव्हतं," मी म्हणालो. "सपाट पीठ. नुकतं चाळल्यासारखं."

"काहीच नाय?"

"नाय."

तिचं तोंड उतरलं. उठून ती तटाच्या टोकाला गेली आणि पाठ करून उभी राहिली. बापानं अशा वेळी उठून जवळ जावं. मी बसून राहिलो. तोफ उन्हानं तापली होती, तिच्यावर हात ठेवला होता, तो भाजतोय हे उशिरा कळलं.

बऱ्याच वेळानं ती नाक पुसत आली. बघतो तर हसत होती.

"बाबा, ती पाऊल उमटवंल कशी? पुसलेल्या फरशीवर आपला पाय पडला की घर डोक्यावर घ्यायची. 'डोळे फुटले का, वाळू द्या की!' स्वतः मात्र भिंतीला धरून कडेकडेनं जायची. तिथं पीठ पसरलेलं बघितलं असंल अन् गेली असंल कडेनं."

"असंल," मी म्हणालो.

मग तिनं शहाळं घेतलं, मला पाजलं. गोड होतं का, ते आठवत नाही.

दुपार कलल्यावर जहाजावर परतलो. जिन्यापुढं तोच माणूस, तीच फरशी, नुकती पुसलेली. लेक पुढं निघाली होती. मी तिचा दंड धरला.

"थांब," म्हणालो.

चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीला धरून कडेनं गेलो. लेक मागून आली, तशीच.