मुद्दलात टाका

संध्याकाळी पाळी सुटली की गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजायची आणि पाठोपाठ मिस्त्रींचा आवाज यायचा, "आलो गं! सगळा आलो!"

नवीन माणूस हसायचा. सगळा म्हणजे काय, अर्धा कधी कुणी घरी येतो का? पण ते जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर कामाला होते. तिथे लालभडक सळई सुसाट बाहेर येते आणि लांब सांडशी घेऊन उभा असलेला माणूस तिचं तोंड पकडून ती पुढच्या फिरत्या रुळांत घालतो. सांडशी चुकली तर सळई कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. कुणाचा पंजा, कुणाचं पाऊल गेलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून सगळा. त्यांच्या बायकोला आम्ही सारे वहिनी म्हणायचो. ती हाक ऐकल्याशिवाय वहिनी स्टोव्ह पेटवत नसत.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. दोघंच नवरा-बायको, मूलबाळ नव्हतं. मी समोरच्या घरात राहायचे आणि शाळेत शिकवायचे, म्हणून दोघंही मला बाई म्हणत. अंबड रस्त्याकडची आमची वसाहत तेव्हा नुकतीच उभी राहत होती. नळ यायचे होते, रस्ता यायचा होता आणि जवळजवळ प्रत्येक घर बँकेकडे गहाण होतं. आम्हा पगारदारांना त्याचं काही वाटत नव्हतं. हप्ता कापला जायचा, उरलेल्यात घर चालायचं. वीस वर्षांचं कर्ज, फिटेल कधीतरी. तुमच्यापैकी अनेकांनी असंच घर बांधलं असेल.

मिस्त्रीही पहिल्यांदा निर्धास्तच होते. मग त्यांच्या पाळीतला एक जण भट्टीपाशी अपघातात दगावला. त्यानंही कर्ज काढून घर बांधलं होतं. हप्ते थकले आणि वर्षभरात त्याच्या दाराला बँकेचं कुलूप लागलं. मिस्त्री आणि वहिनी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको रस्त्याच्या कडेला पसरलेल्या भांड्यांत बसली होती. पदरानं एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती.

तिथून परतल्यावर मिस्त्री माझ्या पायरीवर येऊन बसले. चहा दिला, तो तसाच गार झाला.

"बाई, भट्टीसमोर वीस वर्षं टिकलेला एकबी माणूस मी पाह्यला न्हाई. मंग वीस वर्षांचं कर्ज मी घेतलंच कसं?"

समोरच्या दारातून वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या. त्या दिवसापासून त्या घरात भीती राहायला आली, ती घरच्या माणसासारखी.

त्यांनी पुढची खोली भाड्यानं दिली आणि मागच्या स्वयंपाकघरात संसार आवळला. वहिनी एका बियाण्याच्या गोदामात पाकिटं भरायला जाऊ लागल्या. औषध लावलेल्या बियांचा गुलाबी रंग त्यांच्या हातांना बसला तो कायमचाच. भाकरी थापतानाही हात गुलाबी. "मेंदी म्हना की बाई," असं म्हणून त्या हसायच्या. दिवाळीला बोनस मिळाला की मिस्त्री नव्या कपड्यांच्या दुकानावरून मान खाली घालून सायकल मारायचे, ते थेट बँकेत.

एकदा मीही तिथे रांगेत होते. हप्ता भरून झाल्यावर मिस्त्रींनी खिशातून आणखी नोटा काढल्या. कॅशिअर म्हणाला, "पुढच्या महिन्याचा हप्ता समजून जमा करतो."

"न्हाई साहेब. पुढचा हप्ता पुढच्या महिन्यात. हे मुद्दलात टाका."

"अहो, एकच झालं ते."

"एक कसं होईल? मुद्दल कमी झालं तर व्याज कमी व्हईल. बराबर मुद्दलात टाका."

हे त्यांना कुणी समजावलं होतं कोण जाणे, पण समजलं होतं ते पक्कं. हळूहळू सगळ्या गल्लीला ते बोलणं पाठ झालं. संक्रांतीला मी त्यांच्या हातावर तिळगुळाची एक वडी जास्तीची ठेवली तर म्हणाले, "ही मुद्दलात टाका, बाई." स्वतःच्याच विनोदावर ते मान हलवत हसले. पण तेवढ्यात गल्लीत बँकेच्या वसुलीच्या गाडीसारखी एक जीप शिरली आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. जीप कुणाच्या तरी पाहुण्यांची होती. ती पुढे निघून गेली तरी वहिनी दाराआडून बाहेर आल्या नाहीत.

जीपपेक्षा मोठी भीती भोंग्याची. पाळी बदलताना भोंगा व्हायचा तो सवयीचा होता. पण वेळ नसताना लांबलचक भोंगा झाला की मिलमध्ये काहीतरी घडलेलं असायचं. मग बायका उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या राहायच्या. थोड्या वेळानं कळायचं, दुसऱ्याच कुणाचं तरी. सुटल्यासारखं वाटायचं आणि तसं वाटल्याची लाजही वाटायची.

अशीच काही वर्षं गेली. निम्म्याहून जास्त कर्ज फिटलं होतं. शिवाय अडीनडीला म्हणून वहिनींच्या मजुरीतले पैसे दोघांच्या नावावरच्या बचत खात्यात साठवले होते. येत्या दिवाळीचा बोनस त्यात घातला की एकदमच भरून मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं. मिस्त्री जाता येता घराच्या भिंतीवर थाप मारून म्हणायचे, "थोडं थांब, जल्दीच सोडवतो तुला."

त्या उन्हाळ्यात दुपारी भोंगा झाला. मला शाळेची सुट्टी होती, वहिनी वाळवणाला बसल्या होत्या. त्या उठल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी धावत गेले. बराच वेळ कुणी आलं नाही, मग एक मोटारसायकल आली आणि थेट त्यांच्याच दारात थांबली. मिलमधला माणूस खाली न उतरताच म्हणाला, "चला वहिनी. जिवाला धोका न्हाई."

वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. जिवाला धोका नाही असं सांगावं लागतं तेव्हा काय झालेलं असतं, हे त्या गल्लीत सगळ्यांना कळत होतं.

सळईनं डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पोळला होता आणि नडगीचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात काही दिवस बरं चाललं, मग जखम काळी पडू लागली. डॉक्टर म्हणाले, औरंगाबादला न्या, ऑपरेशन करावं लागेल. उशीर झाला तर गुडघ्यापासून पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर भिनेल. सुरुवातीचा खर्च मिलच्या मालकानं केला होता. त्यानं आता हात वर केले.

मी खाटेशी उभी होते. तापानं फणफणलेल्या मिस्त्रींनी वहिनींचं मनगट पकडलं.

"खात्याला हात लावायचा न्हाई. पाय जाऊ दे."

"असं कसं बोलून राह्यले?"

"बिलकुल हात लावायचा न्हाई. पाय गेल्यावर हप्ता कोण भरील? मी गेलो तर तू कुठं जाशील? ती बाई पाह्यलीस ना, भांड्यात बसलेली? घे रेणुकाईची शपथ."

वहिनी खाली बघत राहिल्या. मिस्त्रींना ग्लानी आली तशी मनगटावरची पकड सुटली. वहिनी बाहेर व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, बँकेत चला माझ्यासंगं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या पैसे काढायला निघाल्या होत्या. स्लिप मी भरली, सही त्यांनी केली. पहिली सही रेघेबाहेर गेली, म्हणून गुलाबी बोटांनी दुसऱ्यांदा केली. कॅशिअरनं ओळखून हसतच विचारलं, "काय, मुद्दलात टाकायचेत ना?"

"न्हाई साहेब," वहिनी म्हणाल्या. "आज काढायचेत."

बाहेर आल्यावर नोटांची पिशवी त्यांनी पोटाशी धरली. मला म्हणाल्या, "आता माझ्याशी बोलायचे न्हाईत ते. पण बाई, न बोलायला तरी राहतील."

आणि तसंच झालं. पाय वाचला. गुडघा मात्र कायमचा ताठ झाला. शुद्धीवर येऊन पैसे कुठून आले हे कळलं, तेव्हा मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावरही त्यांचं तेच. वहिनी ताट वाढायच्या, ते जेवायचे, शब्द नाही. त्यांना राग होता असं मला नाही वाटत. ते घाबरले होते. भट्टीसमोर आता कुणी उभं करणार नव्हतं, खातं रिकामं होतं आणि हप्त्याची तारीख तर चुकत नव्हती.

एक दिवस वहिनी गोदामात जायला निघाल्या आणि मी मिस्त्रींची विचारपूस करायला दारात उभी होते. मिस्त्री खाटेवरून म्हणाले, "शपथ मोडलीस."

"घेतलीच कुठं होती?" वहिनी चपला घालत म्हणाल्या. "तुम्ही घे म्हनले. मी गप उभी राह्यले."

मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, साक्ष हाय का तुमची?" मी मान डोलावली. ते हसले. हसता हसता रडायला लागले. वहिनींनी घातलेल्या चपला काढल्या आणि त्या त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी खाडा केला.

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मिलनं मिस्त्रींना वजनकाट्यावर बसवलं, पगार कमी केला. संध्याकाळी ते ओट्यावर स्टोव्ह दुरुस्त करायचे, पंक्चर काढायचे. मधूनच बातमी यायची, मिल बंद पडणार, माणसं कमी करणार. काट्यावरच्या लंगड्या माणसाचा नंबर पहिला लागणार हे कुणी त्यांना सांगायची गरज नव्हती. अशा दिवशी ते घरी येऊन पाणीसुद्धा न पिता बसायचे. पण पहिल्या तारखेला हप्ता, आणि थोडेथोडके का होईना वरचे काही रुपये मुद्दलात. ते कधी चुकलं नाही.

आमचं सगळ्यांचं अर्धं कर्ज बाकी होतं तेव्हा त्यांचं फिटलं. घराचे कागद घ्यायला मला त्यांनी बरोबर नेलं, वाचून बघायला. कागद हातात आल्यावर मिस्त्रींनी ते सदऱ्याच्या आत घातले. मी रिक्षा थांबवली, तर ते मागे सरकले. "न्हाई बाई, रिक्षात वारं लागतं. उडून गेले म्हंजे?" भर उन्हात ताठ पाय ओढत, एक हात छातीवर दाबून ते घरापर्यंत चालत आले. वाटेत तीनदा थांबून सदऱ्यात हात घालून बघितलं.

मिस्त्रींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वयानं थकून, त्याच घरात गेले. वहिनी अजून तिथेच राहतात. पण मिस्त्री म्हटलं की मला त्यांचं जाणं आठवत नाही. कागद आणले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

उन्हं चांगली वर आली होती. वहिनी केस विस्कटलेल्या, अनवाणी माझ्या दारात आल्या. "बाई, जल्दी चला. हे उठून न्हाई राह्यले."

आम्ही दोघी धावलो. मिस्त्री खाटेवर उताणे पडले होते, ताठ पाय सरळ, तोंड अर्धवट उघडं, एक हात खाली लोंबलेला. वहिनी उंबऱ्यातच थांबल्या, त्यांना पुढे होववेना. मी वाकून मिस्त्रींच्या नाकाशी बोटं धरली. बोटांना ऊन ऊन श्वास लागला. मी खांदा हलवला. मिस्त्री कुशीवर वळले आणि पुटपुटले, "झोपू दे गं."

वहिनी आत येऊन खाटेच्या कडेला बसल्या. "इतक्या वर्षांत कधी असे झोपलेच न्हाईत, बाई," त्या म्हणाल्या. "डोळा लागला की दचकून उठायचे. गाढ झोपलेला माणूस असा दिसतो, हे मला काय ठाऊक?"

"काट्यावर जायचं असेल ना? उठवू का?"

"राहू द्या."

त्यांनी खिडकीला जुनं लुगडं लावून ऊन अडवलं. मग गल्लीतून कुणी हाक मारू नये म्हणून त्या बाहेर उंबऱ्यावर येऊन बसल्या, आणि येईल त्याला दुरूनच हातानं गप राहायला सांगू लागल्या.