‘बंद’ म्हटलं की थांबणारा माग

दादाची दोन बोटं मागाच्या दातेरी चाकात गेली, तेव्हा मी डिप्लोमाला होते. माग थांबवायचं हँडल जवळच होतं, पण एक हात अडकलेला, दुसरा त्यालाच धरून बसलेला. मग हँडल काय पायानं ओढणार? शेजारच्या मागावरचे चाचा पाठमोरे होते, त्यांनी उशिरा पाहिलं. "कानात बोळे घातले होते का मेल्यानं?" आई कितीतरी दिवस म्हणत राहिली. ईदला त्यांच्याकडून आलेला शिरखुर्मासुद्धा तिनं परत पाठवला.

पट्टी सुटली आणि दादा पुन्हा त्याच मागावर. माझा जीव टांगणीला. त्याचा दुसरा हात तरी वाचवायला हवा होता! म्हणून प्रोजेक्टला हट्टानं हेच घेतलं: नुसतं ‘बंद’ म्हटलं की माग थांबला पाहिजे. आवाज ओळखणारी चिप मुंबईहून आणली, डब्यात बसवली आणि घरी दादाच्या आवाजातला ‘बंद’ तिला शिकवला. घरात डबा कसा अगदी शहाण्यासारखा वागायचा. दादा बोलला की मागाऐवजी जोडलेला दिवा विझलाच. आईनं त्याची दृष्ट काढायची तेवढी बाकी होती.

कारखान्यात मात्र त्याचं डोकं फिरलं. मागांच्या खडखडाटालाच ‘बंद’ समजून तो सारखा माग थांबवायला लागला. शेठ वैतागले, "बेटी, ये तो मेरा धंदा ही बंद करेगा!" मी चिडले, पण हटले नाही. माइक दादाच्या गळ्याला चिकटवून बांधला, वरून कापूस गुंडाळला. खडखडाट कमी झाला, उगाच थांबणं गेलं. आता फक्त दादानं बोलायचं होतं.

दादा म्हणाला, "बंद." मला नीट कळलं. माग चालूच. पुन्हा म्हणाला. चालूच! तारा तपासल्या, सेल बदलले, शेवटी त्याला दाराबाहेर ओढून मी ओरडले, "अरे, मोठ्यानं बोल ना!"

"बोलतोय की! तुला कळतंय, तुझ्या डब्याला कळत न्हाय, मी काय करू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत नेऊन त्याच्या गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा बोलायला लावलं. ओठ हलले, गळा गप्प. मागांच्या खडखडाटात कुणी घसा फोडत नाही. शब्द ओठांनी करायचा, समोरच्यानं तो बघून घ्यायचा. लहानपणापासून जेवणाचा डबा द्यायला जाऊन जाऊन मीही तेच शिकले होते. आपला आवाज निघतच नाही, हे दादाच्या गावीही नव्हतं.

सांगितलं तर त्याला पटेना. त्यानं स्वतःच उरलेली बोटं गळ्यावर ठेवली, ‘बंद’ म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

सुट्टीत चहाला बाहेर बसलो. दादाचा चहा निवून गेला.

"बाय," तो म्हणाला, "बोटं गेली त्या दिवशी मी वरडलो व्हतो ना?"

चाचा समोरच बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.