बाहेरून कडी

मालेगावात दिवाण घ्यायचा तर निजामुद्दीन मिस्त्रींकडूनच, असं आमच्या गल्लीचं आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांचं मत आहे. कारण एकच, त्यांचा दिवाण बोलत नाही. कूस बदला, लेकराला उचला, उठून पाणी प्या, सागवान गप्प. बाया येऊन म्हणतात, "चाचा, असा द्या का लेकरू निजलं तं निजलंच पाह्यजे." मग चाचा कानावरची पेन्सिल काढतात आणि नाकातून, लांबण लावून सांगतात, "बाईऽ, उठलं तं लेकराचा दोष. दिवाणाचा नाही."

हे मी त्यांच्यासमोरच करून दाखवते. ते रागावत नाहीत. म्हणतात, "वा रे पोपट! आता जैतुनबीचा काढ." की मी लगेच कमरेवर हात ठेवून चाचीचा आवाज काढते, "झोपायची मजुरी घेनारा सुतार साऱ्या जिल्ह्यात एकच, अन् तो माह्याच नशिबी!"

चाची म्हणते ते खोटं नाही. दिवाण तयार झाला की चाचा त्याच्यावर दुपारची एक झोप काढतात. उशी नाही, कान थेट लाकडाला. कुठे कुरकुर ऐकू आली की उठून पाचर ठोकतात आणि पुन्हा आडवे होतात. त्याशिवाय माल दुकानाबाहेर जात नाही.

पोळ्याच्या आसपास त्यांच्याकडे मदनसिंग आला. शिरपूरजवळच्या तांड्यावरचा. त्याचं स्वतःचं हार्वेस्टर आहे, सोयाबीन असो की गहू, गावोगावच्या शेतात महिनोन्महिने मुक्काम. इंजिनाशेजारी इतके हंगाम काढले की त्याचे कान गेलेत, आणि बोलतो असा की जणू बहिरे आपणच.

"चाचाऽ! हे गाडी पाह्य!"

बाहेर सरकारी लिलावातली जुनी फोर-बाय-फोर व्हॅन उभी होती. चारही चाकांना जोर, चिखलातून निघणारी. मदनसिंगनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. कोणी शहरी पोरगा "हाय गाइज, वेलकम बॅक!" करत अशाच गाडीतला ओटा, पलंग, पंखा दाखवत होता. त्याला कॅम्पर म्हणतात.

"हे लेकरू हिंडाले चाललं," मदनसिंग ओरडला. "मले हिंडाचं नाही. मले बापूसाठी पाह्यजे."

बापू म्हणजे त्याचे वडील, हरिसिंग. ते व्हॅनच्या पायरीवर बसून धोतराचा काठ बोटांनी मोजत होते. त्यांच्या डोक्यातल्या वाटा पुसल्या गेल्यात. मदनसिंगची बायको वारली, भाऊ पुण्याला, म्हणून मागच्या हंगामात म्हाताऱ्याला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. एका पहाटे ते उठून चालू लागले आणि दुसऱ्या दिवशी कॅनॉलच्या काठावर सापडले. एका पायात चप्पल होती.

"या वर्षी संग नेतो. पण मी निजतो हार्वेस्टरखाली ताडपत्रीवर. बापू राती उठला तं? शेतात विहीर राह्यते, रस्ता राह्यते. म्हनून दार पाह्यजे. अन् दाराले कडी. बाहेरून."

चाचांची पेन्सिल थांबली. "मानूस निजते त्या खोलीची कडी आतून राह्यते, मदन. बाहेरून कडी धान्याच्या कोठीले."

"मंग मी निजल्यावर बापूले कोन पाह्यन? तुमी येता?"

चाचांनी काम घेतलं.

पत्रा तापतो म्हणून आतून फोम लावला, खिडक्यांना जाळी, पाण्याच्या टाकीला कोनाडा, भिंतीला मिटणारा ओटा. माझ्या बाबांनी, म्हणजे रामकिसन इलेक्ट्रिकवाल्यांनी, बॅटरी आणि पंख्याचं वायरिंग केलं. इथवर सगळं त्या व्हिडिओसारखंच. पुढे मात्र चाचांमधला मिस्त्री जागा झाला. बापूंना सागवानी दिवाण. मग सागवानी कपाट. मागचं पत्र्याचं दार काढून तिथे चौकटीसकट सागवानी दार, लग्नघराला शोभेल असं.

बाबा म्हणाले, "चाचा, गाडी हाय हे. रुखवत नाही."

"हलकं सामान हलक्या मानसाचं, रामकिसन."

कडीही लावली. बाहेरून. शेवटी दार उघडं ठेवून चाचा आत दुपारभर निजले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आवाज नाही!"

गाडी तपासायला मदनसिंगच्या शेताकडे निघालो. पुढे मदनसिंग, चाचा, बाबा आणि दाटीवाटीनं मी, मागे बापू. कडी लावलेली. रस्ताभर मदनसिंग खुशीत ओरडत होता, चाचा "धीरे धीरे, गड्ढा हाय" करत होते, आणि मी दोघांनाही आलटून पालटून वेडावत होते. दोन दिवसांच्या पावसानं काळी माती लोण्यासारखी झाली होती. शेतांमधल्या पांदणीच्या वळणावर मागचं चाक खाली बसलं. मदनसिंगनं चारही चाकांना जोर दिला, तशी घूंऽऽ करत चारही चाकं माती खाऊ लागली. गाडी एका अंगावर कलली. सगळं सागवान त्याच अंगाला झुकलं होतं.

आम्ही उतरून मागे धावलो. मदनसिंगनं कडी सरकवली. कडी सरकली, दार सरकेना. गाडी पिळली होती आणि दार चौकटीत रुतलं होतं.

आतून तळहात वाजू लागला. थप. थप. थप. मग आवाज आला, "याडीऽ! ये याडीऽ!"

त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. म्हातारा आईला हाका मारत होता.

"बापू, मी हाओ! मदन!" मदनसिंग ओरडत होता. तेच ओरडणं आतल्याला आणखी भिववत होतं. थप-थप-थप. गल्लीतल्या झाडून सगळ्यांचे आवाज मी काढते. तो एक काढत नाही.

चाचांनी बाबांच्या हातातली पहार घेतली आणि स्वतःच्या दारावर घातली. सागवान सहज फुटत नाही. चाचांचंच होतं ना. चौकट उखडल्यावर बापू बाहेर आले तेव्हा ते चाचांच्याच गळ्याला बिलगले. मुलगा हात पुढे करून उभा होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी दुकानी आली. चाचांनी सगळं सागवान उपसून काढलं. दिवाणाच्या जागी बांबूची चौकट, वर निवारीचे पट्टे, पातळ प्लायचं कपाट, पातळ प्लायचं दार. "हलकं सामान," बाबा हळूच म्हणाले. "गप," चाचा म्हणाले. दारावर जुनीच कडी पुन्हा बसवली, कारण हंगाम तोंडावर आला होता आणि मदनसिंगला ती हवीच होती.

मग ते निवारीवर आडवे झाले. "पोपट, दार लोट. बाहेरून कडी लाव."

मी लावली. वाटलं, आता दुपारभर शांतता. मी वळलेही नसेन.

"उघड."

मला थट्टा वाटली. त्यांच्याच नाकातल्या आवाजात मी म्हटलं, "आवाज नाही!"

"उघड वो माय!"

उघडलं. चाचांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी पेचकस घेतला, कडी काढली आणि हत्यारांच्या पेटीत टाकली.

संध्याकाळी मदनसिंगनं दारावरची चार रिकामी भोकं पाहिली. "हे काय केलं चाचा? बापू गेला तं तुमच्या जिवावर!"

"जाऊ नाही देत. तू बी आता गाडीतच नीज. फळी वाजन, तुले जाग येईन."

आणि ज्या माणसानं जन्मभर लाकडाला गप्प केलं, तो दाराजवळची फळी कुरकुरावी म्हणून धडपडू लागला. खिळे सैल केले. कोरडं लाकूड कोरड्या लाकडावर घासलं. चाची दारातून बघत म्हणाली, "या अल्ला, बुढा उलटा चालून राह्यला." शेवटी अशी फळी जमली की पाय पडताच कर्रर्र-कूंईऽऽ, समोरच्या हॉटेलातले कुत्रे उठून बसले.

मदनसिंगला आत झोपवला. डोळे मिटायला लावले. चाचांनी फळीवर पाय दिला. कर्रर्र-कूंईऽऽ.

"द्या ना पाय," मदनसिंग म्हणाला.

"देल्ला!"

"कवा?"

बाबांना हसू आवरेना, मलाही. पण चाचा फळीवर बसले आणि तसेच बसून राहिले. बाप जाणार होता आणि मुलाला ऐकू येत नव्हतं. कडीशिवाय दुसरा उपाय दिसत नव्हता.

सुचलं ते दुसऱ्या दिवशी, मुन्सिपालटीच्या बागेत सी-सॉवर खेळणारी लेकरं पाहून. चाचांनी एक लांब फळी मधोमध लोखंडी दांडीवर टेकवली. एक टोक दाराशी. दुसरं मदनसिंगच्या उशीखाली. दाराशी पाय पडला की इकडे डोकं उचललं जाणार. ऐकायची गरजच नाही. बापूंना चालवून पाहिलं. मदनसिंगचं डोकं टुणकन वर आलं, "आँ!" बापू दचकून मागे सरले, पुन्हा पाय दिला, पुन्हा "आँ!" त्या दिवशी बापू पहिल्यांदा हसले.

गाडी गेली. सोयाबीन झालं, तूरही झाली.

मदनसिंग परत आला तेव्हा मी त्याला आधी आवाजावरून ओळखलं नाही, कारण तो ओरडत नव्हता. डोळे लाल, गाल आत गेलेले.

"फळी चांगली हाय चाचा. बापू एकदाबी नाही गेला." तो पायरीवर बसला. "पन राती कितींदा उठते तो. दर खेपी मी उठतो, हात धरून निजवतो. परवा हार्वेस्टरवरच डुलकी लागली. मशीन धुऱ्याच्या बांधावर चढलं. खाली मानूस होता. वाचला." डोळे चोळत म्हणाला, "कडी फेकली का?"

चाचा उठले, पेटी उघडली, कडी काढली. तिला तेल लावून ठेवलेलं होतं. कडी, चार स्क्रू आणि पेचकस त्यांनी मदनसिंगच्या हातावर ठेवले.

"माह्या हातानं नाही होत. पन तुले नाही म्हनाचा हक्क मले नाही. तू निजला पाह्यजे, हे बी खरं हाय."

मदनसिंग गाडीशी गेला. बापू आत होते. त्यानं दार लोटलं, कडी जुन्या भोकांवर धरली आणि पहिला स्क्रू टेकवला. आतून प्लायवर, नेमका त्याच्या हाताखाली, तळहात पडला. एकदाच. थप.

मदनसिंगनं स्क्रू काढून घेतला. मग त्यानं कडी आणि स्क्रू शर्टाच्या खिशात घातले, पेचकस परत दिला. "राहू द्या. खिशात राह्यते." दार उघडलं, बापूंना पाणी पाजलं. गव्हाच्या हंगामासाठी गाडी कारंजा गावाकडे निघून गेली.

चाची दारात आली. "लावली का त्यानं?"

"नाही."

"लावन का?"

चाचांनी एक फळी उचलली, आधीच गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर रंधा फिरवू लागले.

"त्याच्या खिशात हाय," ते म्हणाले.